कुरियरच्या फाइलमधली रिकामी जागा

अल्ताफ, तुझ्या लॅपटॉपचा पासवर्ड लॅपटॉपच्याच पोटाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर सापडला. बारा वर्षं तू मला पासवर्डवरून बोलणी ऐकवलीस. मी माझ्या वाढदिवसाची तारीख ठेवली होती म्हणून भर मीटिंगमध्ये, गिऱ्हाइकासमोर माझी लाज काढलीस. आणि तुझा स्वतःचा पासवर्ड पिवळ्या चिठ्ठीवर, मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा मारून. नसीमनं लॅपटॉप उलटा करून मला ते दाखवलं आणि आम्हा दोघींना हसू आलं. तुला जाऊन तेव्हा पाच दिवस झाले होते. बाहेरच्या खोलीत बायका बसलेल्या, कुणीतरी कुराण वाचत होतं, आणि आत तुझी बायको आणि मी तोंडावर ओढणी दाबून हसत होतो. मग ती रडायला लागली. मी नाही रडले. मला तुझा राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

"मेधाताई, यातलं मला काही कळत नाही," नसीम डोळे पुसत म्हणाली. "यांचं अर्धं आयुष्य ह्या डब्यात गेलं. आता तुमचं तुम्ही बघा."

मी काय बघू? आज बारावा दिवस आहे. आपल्या ऑफिसात बसले आहे. ऑफिस म्हणजे तीच, दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातली, स्वेटरच्या दुकानावरची खोली. खाली "दो सौ, दो सौ, कोई भी उठाओ दो सौ" चाललंय. तुझ्या खुर्चीवर तुझं ते भोकं पडलेलं जॅकेट आहे. टेबलावर तीन वेगवेगळ्या चार्जरच्या वायरी एकमेकींत अडकून पडल्या आहेत आणि त्यातली एकही कशालाही बसत नाही. पानिपतहून आपल्या गिऱ्हाइकाचा, ब्लँकेटवाल्या गुलाटीजींचा फोन रोज येतो. "मैडम, अल्ताफ जी बहुत याद आते हैं," असं म्हणतात, दोन सेकंद थांबतात आणि मग विचारतात, "वो कूरियर वाला सिस्टम कब चालू होगा?" त्यांचंही बरोबर आहे. ब्लँकेटं थंडीतच विकली जातात.

माणूस गेल्यावर लोक लिहितात की तो मनमिळाऊ होता, सगळ्यांच्या उपयोगी पडायचा. तूही पडायचास. पण त्याआधी चाललेली गोष्ट बंद पाडायचास. जे चालतंय त्याला हात लावायचा नाही, एवढंच माझं म्हणणं असायचं. तुझं म्हणणं, चालतंय म्हणजे बघायला हरकत नाही, अजून कसं चालेल ते.

चहाचंच घे. खाली बिरजूचाचाची टपरी. खिडकीतून दोन बोटं दाखवली की दोन चहा वर यायचे. वर्षानुवर्षं यायचे. तुला कुठूनतरी मेसेज पाठवणारा एपीआय, म्हणजे एका यंत्रानं दुसऱ्याला परस्पर निरोप द्यायची सोय, फुकटात मिळाला, आणि तू ठरवलंस की आपण कीबोर्डवरचं एक बटण दाबायचं आणि बिरजूचाचाच्या फोनवर आपोआप ऑर्डर जायची. पहिल्याच दिवशी ते धापा टाकत वर आले, हातात जाळीत नऊ ग्लास. "मॅडम, इनका कंप्यूटर बावला हो रखा है. नौ बार बोला, चाय भेजो, चाय भेजो. मैं ले आया." तू शांतपणे चार ग्लास प्यायलास आणि म्हणालास, "मेसेज पोहोचतोय ना? मग झालं तर. जरा उत्साही आहे, एवढंच."

आणि गुलाटीजींच्या साइटवर तू हवेचा चौकोन लावलास, तो? ब्लँकेट घ्यायला आलेल्या माणसाला सगळ्यात आधी लाल अक्षरांत दिसायचं की आज दिल्लीची हवा अत्यंत वाईट आहे. का, तर हवेचा आकडा देणारा एपीआय नवीन आला होता आणि तुला तो कुठेतरी वापरून बघायचा होता. गुलाटीजींनी हात जोडले. "अल्ताफ जी, हमने कंबल बेचना है, लोगों को डराना नहीं है." तो चौकोन मी काढला. तू पुन्हा लावलास, फक्त रंग हिरवा करून.

आपली ओळखसुद्धा वैतागातूनच झाली. कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्राच्या जुन्या सदनात मी बाबांबरोबर जेवायला आले होते. वाढणाऱ्याला मी म्हटलं, "भैया, मला एक थाळी देऊन द्या ना." शेजारच्या टेबलावर राजेंद्र नगरात राहून परीक्षेची तयारी करणारी तीन-चार मुलं बसली होती, त्यांतला एक खदाखदा हसला. तोंडात भात. तो तू. "देऊन द्या म्हणे! आता घेऊन घ्या आणि खाऊन खा." मी तुला झापायला उठले आणि बाबा मला सोडून तुझ्याशीच बोलायला लागले, तू उदगीरचा आहेस कळल्यावर तर विचारूच नको. ऑफिसर व्हायला आलेला तू, तिसऱ्यांदा हुकल्यावर वेळ जात नाही म्हणून कोडिंग शिकत होतास. गावाकडून येणाऱ्या पोरापोरींना खोली कुठे मिळेल, डबा कुठे मिळेल, हे सांगणारी एक साइट तू बनवली होतीस. मी नेहरू प्लेसमध्ये त्याच कामाची नोकरी करत होते. साइट बघितली आणि म्हटलं, आतलं कोड फार घाण आहे. "मग ये आणि साफ कर," तू म्हणालास. मी आले, आणि बारा वर्षं साफच करत राहिले.

कमेंट मराठीत लिहायच्या, हे तूच काढलंस. कोडच्या अधेमधे माणसानं माणसासाठी लिहून ठेवलेली ओळ म्हणजे कमेंट. यंत्र ती वाचत नाही, ओलांडून पुढे जातं. निदान तेव्हा तरी जायचं. "गिऱ्हाइकाला कळणार नाही आणि तुझी भाषा सुधारेल," तू म्हणालास. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली मी, घरात मराठी होती, पण अर्धी 'अच्छा' आणि 'बिल्कुल'वर चालायची. अवघड शब्द आला की आम्ही हिंदीच्या गल्लीत शिरायचो. तुझ्या कमेंटमधून मला शब्द मिळाले. पॅच मारला की तू लिहायचास, 'तूर्तास ठिगळ'. सर्व्हर अडला की 'खोळंबा'. तूर्तास हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा एका लॉगिनच्या पानामागे वाचला. उदगीरच्या उर्दू बोलणाऱ्या घरातला मुलगा दिल्लीत मला माझी मराठी शिकवतोय, याचं मला हसू यायचं, तुला नाही यायचं. तू मास्तरासारखा गंभीर असायचास.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. बाबा गेले तेव्हा नागपूरच्या काकांना मी स्वतः पत्र लिहिलं, दोन पानी, मराठीत. पाठवायच्या आधी तुला दाखवलं. तू ते वाचलंस, चष्मा काढलास आणि म्हणालास, "आहे तसं पाठव." तुझ्या तोंडून हे वाक्य मी एकदाच ऐकलं. त्या पत्रावर मी अजून जगते, अल्ताफ. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले, कारण दुसऱ्याच दिवशी तू चालू असलेला सर्व्हर बदलायला घेतलास आणि मी तुझ्यावर ओरडत बसले.

आपला तो नियमही तुझाच. भांडण झालं की तोंडानं बोलायचं नाही, कोडमध्ये मिटवायचं. ज्याचं चुकलं त्यानं चुकलेल्या जागी लिहायचं, 'माझं चुकलं', आणि पुढे नावाचं पहिलं अक्षर. दुसऱ्यानं त्याखाली लिहायचं, 'कळलं'. मग दोन्ही ओळी काढून टाकायच्या आणि विषय संपला. 'कळलं' आल्याशिवाय 'माझं चुकलं' काढायचं नाही. चांगला नियम होता. फक्त तो मी एकटीनं पाळला. मी किती वेळा लिहिलं असेल, 'माझं चुकलं. — मे.' तू एकदाही नाही. तुझ्या चुकीच्या जागी काय असायचं? 'परिस्थिती तशी होती. — अ.' किंवा, 'हे असं का झालं याचा दोघांनी विचार करावा. — अ.' दोघांनी! एकदा अख्खी साइट दिवसभर बंद पडली तेव्हा तू लिहिलंस, 'होतं असं.' त्याखाली मी काय लिहायचं?

मग ते एआय आलं. मी काही जुन्या काळात अडकलेली नव्हते, मीसुद्धा त्याला प्रश्न विचारत होतेच. पण तू तर त्याच्या प्रेमात पडलास. दर महिन्याला नवं टूल, दर महिन्याला "मेधा, हे बघ, हे आधीच्यापेक्षा शहाणं आहे." आपला वाद तेव्हा सुरू झाला तो तसाच राहिला. मी म्हणायचे, याला काही कळत नाही, हे नुसतं आजवर लिहिलेलं उचलतं. तू म्हणायचास, "तू तरी काय केलंस? दुसऱ्याचं उचलूनच शिकलीस ना? हे जरा वेगानं उचलतं." मला तेव्हा उत्तर सुचायचं नाही. परवा मेट्रोत सुचलं. मी उचलत होते तेव्हा घाबरत होते, अल्ताफ. एक ओळ बदलताना माझे हात गार पडायचे. ते घाबरत नाही. हे उत्तर घेऊन मी लाजपत नगरपासून मयूर विहारपर्यंत उभी होते आणि सांगायला कुणी नव्हतं.

आपलं बारा वर्षांचं सगळं कोड तू त्या टूलला वाचायला दिलंस. मला न विचारता. "आता हे आपल्यासारखं लिहितं," असं म्हणून तू स्क्रीन माझ्याकडे वळवलास. त्यानं एक दुरुस्ती केली होती आणि वर कमेंट टाकली होती: 'तूर्तास ठिगळ. सवडीनं नीट करू. — अ.' माझ्या अंगावर काटा आला. तू मात्र पोराचा निकाल दाखवावा तसा हसत होतास. "बघ, तुला तूर्तास यायला दोन वर्षं लागली." मला ते लागलं. विनोद होता, कळत होतं मला, तरी लागलं. तो शब्द माझा होता, तू मला दिलेला.

आणि मग पानिपत. गुलाटीजींच्या मिलमधून माल निघाला की आपल्या साइटनं परस्पर कुरियर कंपनीला कळवायचं आणि त्यांची गाडी माल उचलायला यायची, एवढं साधं काम. असं काम तपासताना सरावाची किल्ली, म्हणजे त्यांच्या यंत्रणेत शिरायचा खोटा परवाना, वापरायची असते, म्हणजे नुसतं नाटक होतं, खरी गाडी निघत नाही. हे तू मला शिकवलंस. आणि त्या दिवशी तू टूलच्या हातात खरी किल्ली दिलीस, "तूच तपास" म्हणालास आणि बिरजूचाचाकडे चहाला गेलास. कुरियरच्या बाजूनं उत्तर यायला उशीर होत होता. टूलला वाटलं निरोप पोहोचला नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. पुन्हा. तू चहाबरोबर समोसाही खाल्लास, त्यामुळे त्याला वेळ भरपूर मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाटीजींचा फोन. "मैडम जी, गेट पे बारात आई है क्या? इक्कीस गाड़ियाँ खड़ी हैं, और माल है एक गठरी!"

आपण बसनं पानिपतला गेलो. वाटेत तू म्हणालास, "उदगीरची लढाई मराठ्यांनी जिंकली होती. पानिपतला आलं की आपलं हे असं होतं." एरवी मी पोट धरून हसले असते. मिलच्या आवारात कुरियरवाले एकमेकांशी भांडत होते, ती एक गठरी कुणी न्यायची यावरून. गुलाटीजी खुर्ची टाकून डोक्याला हात लावून बसलेले. आणि तू काय म्हणालास? "टूल की गलती है जी." नऊ चहा आले तेव्हाही असंच होतं. पण चहा पिऊन टाकता येतो.

परतताना मुरथलला ढाब्यावर पराठे खायला थांबलो. तू दही मागवलंस, काही झालंच नाही असं. तिथे माझा तोल गेला. मी म्हटलं, "बारा वर्षांत एकदा तरी तू 'माझं चुकलं' लिहिलंस का? आता त्या यंत्राकडूनच लिहून घे."

"घेतो," तू म्हणालास.

"घे. आणि भागीदारही त्यालाच कर. तुला बरोबर काम करणारं माणूस नकोच आहे, अल्ताफ. हो ला हो म्हणणारं काहीतरी हवंय."

तू पराठा तसाच ठेवलास. अन्न टाकणारा तू नव्हेस. मी ते पाहिलं, आणि तरी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला यायचं बंद केलं, घरूनच काम करायला लागले. तीन आठवडे. आधी तू फोन करशील, मग मी येईन, असं माझं ठरलं होतं. तुझं काय ठरलं होतं ते मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका दुपारी नसीमचा फोन आला. स्क्रीनवर तिचं नाव बघून मला वाटलं, आता बायकोला मधे घातलंय. पहिल्यांदा मी उचलला नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला, आणि तोवर तू गेलेला होतास. ऑफिसच्या जिन्यात कोसळलास. बिरजूचाचा आधी पोहोचले.

तुमच्यात बायका मातीला जात नाहीत. मी तुझ्या घरी नसीमच्या शेजारी बसले. सगळे तुला घेऊन निघाले तेव्हा दारातल्या चपलांच्या ढिगात माझी एक चप्पल हरवली. मी दुसरी हातात घेऊन अनवाणी रिक्षापर्यंत गेले. तुझ्या घरी पाऊल टाकलं की काही ना काही बिघडायचंच, हा विचार मनात आला. गुलाटीजींनी नसीमकडे दोन ब्लँकेटं पाठवली. कुरियरनं. एकदाच आली.

काल शेवटी कोड उघडलं. गुलाटीजींचं काम अडलंय, हे एक. पण खरं सांगू? मला बघायचं होतं की त्या तीन आठवड्यांत तू काही लिहिलंस का. तू रागात गेलास की नाही, हे मला दुसऱ्या कुठून कळणार? आपण दोघं तिथेच बोलायचो.

आणि सापडलं. 'माझं चुकलं. — अ.' मग खाली सरकवलं, तर आणखी एक. दुसरी फाइल उघडली, तिथेही. मोजल्या. सतरा. बटणाचा निळा रंग किंचित गडद झाला होता, 'माझं चुकलं. — अ.' पत्त्याच्या रकान्यात एक जागा जास्त पडली होती, 'माझं चुकलं. — अ.' बारा वर्षांत ज्याच्या हातून एक ओळ सुटली नाही तो तीन आठवड्यांत सतरा ठिकाणी माफी मागतोय! मुरथलला 'घेतो' म्हणाला होतास. घेतलंस यंत्राकडून लिहून. मी इतकी चिडले की लॅपटॉप मिटून खाली गेले. बिरजूचाचांनी विचारलं, "मॅडम, दो?" मी म्हटलं, "एक." त्यांनी दुसरा ग्लास परत ठेवून दिला.

वर आल्यावर कुरियरची फाइल उघडली. तिथे तरी असेल, मशीननं लिहिलेली का होईना. तिथे काही नव्हतं. दुरुस्ती होती, आणि सांगायला राग येतो, पण फार सुरेख होती. आधीचा निरोप पोहोचलाय का हे बघायचं, मगच पुन्हा विचारायचं, आणि तीनदा विचारून झालं की थांबून माणसाला कळवायचं. पण वर माफी नाही. दोन रिकाम्या ओळी होत्या, बस. तुला रिकाम्या ओळी खपायच्या नाहीत. मी श्वास घ्यायला एक ओळ सोडली तरी, "दिल्लीत जागेचं भाडं माहितीये ना?" म्हणून काढून टाकायचास. मला वाटलं, घाईत राहिल्या असतील. मी त्या पुसायलाच निघाले होते.

मग शेजारची ती छोटी फाइल दिसली. टूलनं आपल्या कोडमध्ये कसं वागायचं, हे त्याला एका साध्या फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं, आणि कामाला बसताना ते दर वेळी ती वाचतं. ती तू लिहिली होतीस. ती दुसरं कुणी लिहूच शकत नाही. त्यात असं होतं:

'कमेंट मराठीत. ठिगळाला ठिगळच म्हणायचं, सुधारणा म्हणायचं नाही.

मेधाच्या कमेंटला हात लावायचा नाही. चुकीची वाटली तरी. मागाहून ती बरोबर निघते.

दुपारी दोननंतर मोठा बदल सुचवू नये. तेव्हा ती चिडकी असते. जेवलेली नसते.

खरी किल्ली मेधाला विचारल्याशिवाय वापरायची नाही. मी सांगितलं तरी नाही.

चूक दुरुस्त केलीस की तिथे लिही, माझं चुकलं, पुढे अ. ती आली की मोजून दाखवायच्यात. हसेल.

कुरियरच्या फाइलमध्ये मात्र ती ओळ तू लिहायची नाही. जागा सोडून ठेव. ती मी लिहिणार आहे, ती ऑफिसला आली की, तिच्यासमोर.'

ती आली की. अरे, फोन करायचास ना! एवढं सगळं एका यंत्राला सांगितलंस, मी दोननंतर जेवलेली नसते हेसुद्धा सांगितलंस, आणि मला एक फोन नाही केलास? मेट्रोच्या पिंक लाइननं मी तासाभरात आले असते. तू जागा सोडून वाट बघत बसलास आणि मी मयूर विहारला फोनकडे बघत बसले. दोघंही गाढव. मी जास्त. मला यायला काय झालं होतं, अल्ताफ? मी का नाही आले?

त्या सतरा ओळींना मी हात लावलेला नाही. तू मोजून दाखवणार होतास, मी मोजल्या. हसू काल आलं नाही, आज सकाळी मेट्रोत आलं, आणि शेजारच्या बाईनं पर्स सावरून घेतली.

कुरियरची फाइल मी आज पुन्हा उघडली. सरावाच्या किल्लीनं चालवून बघितली, मग माझी मलाच परवानगी विचारून खऱ्या किल्लीनं. गुलाटीजींकडे एक गाडी गेली. त्यांनी फोन करून सांगितलं, "मैडम, एक ही आई," आणि लगेच ठेवून दिला.

मग मी त्या दोन रिकाम्या ओळींवर आले. पहिली तशीच ठेवली, ती तुझी आहे. दुसरीवर लिहिलं, 'कळलं. — मे.' आणि त्याखाली, मुरथलला जे बोलले त्याबद्दल, फोन पहिल्यांदा उचलला नाही त्याबद्दल, तीन आठवड्यांबद्दल, एकच ओळ: 'माझं चुकलं. — मे.'

एंटर दाबलं. तर त्या तुझ्या टूलनं पुढची ओळ लगेच सुचवली, फिकट करड्या अक्षरांत. 'कळलं. — अ.'

तुझ्यासारखंच लिहिलेलं. टॅबचं बटण दाबलं असतं तर अक्षरं काळी झाली असती, दोन्ही ओळी काढता आल्या असत्या, विषय संपला असता. बोट ठेवलं होतं मी टॅबवर. खाली तो माणूस दो सौ, दो सौ ओरडत होता. मग एस्केप दाबलं, करडी अक्षरं गेली.

आता फाइल उघडली की दर वेळी ते तेच सुचवतं आणि दर वेळी मी नाही म्हणते. माझी ओळ तिथेच राहील. कळलं आल्याशिवाय ती काढायची नाही, नियम तुझाच आहे.